अळू, तूर, अंबाडी: कॅरिबियन स्वयंपाकाबद्दल वाचकांचे प्रश्न

कॅरिबियन बेटांवरच्या घरगुती स्वयंपाकाबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्या पत्रांत एकच तक्रार आहे: सामान मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. आमचं म्हणणं असं की या स्वयंपाकाला लागणारं बहुतेक सामान जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या भाजीबाजारात रोज विकायला असतं. डबाबंद आयात मालावर पैसे घालण्याआधी हात बसवायचा आहे तो साखर जाळण्यावर, करी पावडर परतण्यावर आणि नारळाचं दूध आटवण्यावर. खाली मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान चमचा म्हणजे ५ मिली धरला आहे.

एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं घ्यावं? आणि त्यातली मापं आपल्याकडे कशी बसवायची?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

एकच घ्यायचं तर त्रिनिदादच्या नापारिमा गर्ल्स हायस्कूलचं घ्या. सॅन फर्नांडो शहरातल्या या शाळेने ते १९८८ मध्ये काढलं, २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आपल्याकडे नव्या संसाराला 'रुचिरा' देतात, तसं तिकडच्या घरांत हे पुस्तक असतं. डाळपुरी, पेलाऊ, कॅलालू, ब्लॅक केक हे रोजचं आणि सणाचं सगळं त्यात आहे. कृती मात्र थोडक्यात दिल्या आहेत. पदार्थ खाल्लेला, निदान पाहिलेला आहे असं धरून लिहिलेल्या. म्हणून पहिल्यांदा करताना कृती दोनदा वाचा आणि प्रत्येक टप्प्याला रंग कसा दिसायला हवा ते आधी ठरवून घ्या.

क्यूबा, हैती, मार्टिनिकपर्यंतचा पसारा एकाच पुस्तकात हवा असेल तर एलिझाबेथ लॅम्बर्ट ऑर्टिझ यांचं १९७३ चं 'द कम्प्लीट बुक ऑफ कॅरिबियन कुकिंग' अजूनही भक्कम आहे. घर शाकाहारी असेल तर मिशेल आणि सुझॅन रूसो या जमैकन बहिणींचं 'प्रोव्हिजन्स' (२०१८) आधी घ्या. कंद, केळी, पालेभाज्या आणि कडधान्यं हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे.

मापांचं सांगायचं तर अमेरिकन कप २४० मिलीचा असतो. आपली आमटीची वाटी १५० ते १८० मिलीची, त्यामुळे कपाऐवजी वाटी धरली की पीठ आणि पाणी दोन्ही कमी पडतं, आणि बेकिंग पावडर, यीस्ट, मीठ चमच्याने मोजलेलं असल्याने ते जास्त होतं. भाकरी-पोळीत हे खपून जातं, केकमध्ये खपत नाही. मापाच्या कपांचा एक संच घ्याच. पाइंट दिसला की थांबा: ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन ४७३. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरच्या जुन्या कृतींत बहुधा ब्रिटिश माप असतं. 'एक टिन नारळाचं दूध' म्हणजे ४०० मिली. लोण्याची एक 'स्टिक' ११३ ग्रॅम.

मसाल्याच्या दुकानातून ऑलस्पाइस म्हणून कबाबचिनी आणली. तिने केलेलं जर्क चिकन (मसाला चोळून भाजलेलं जमैकन चिकन) कडू लागलं, औषधासारखा वास आला. काय चुकलं?
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

जिन्नसच चुकला. कबाबचिनी या नावाने आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक मिरीच्या कुळातली: काळपट, सुरकुतलेली, आणि दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ. तिचा वास कापराकडे झुकतो आणि ती कडवट लागते. दुसरी म्हणजे जर्कला लागणारं ऑलस्पाइस, जमैकात ज्याला पिमेंटो म्हणतात ते. दाणा मिरीपेक्षा मोठा, तपकिरी, गोल आणि बिनशेपटीचा. कानाशी धरून हलवला तर आतल्या दोन बिया खुळखुळतात. नखाने फोडला की आधी लवंगेचा वास येतो, मागून दालचिनी आणि जायफळाचा. दुकानात एक दाणा फोडून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत.

नाहीच मिळालं तर १ लहान चमचा ऑलस्पाइस पुडीऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ आणि चिमूटभर मिरपूड घ्या. तंतोतंत तीच चव येणार नाही, पण पदार्थ जर्क म्हणून ओळखू येईल.

१ किलो चिकनच्या तंगड्यांना हे प्रमाण ठेवा: ऑलस्पाइस पूड १ मोठा चमचा, मिरपूड १ लहान चमचा, दालचिनी अर्धा आणि जायफळ पाव लहान चमचा, पातीच्या कांद्याच्या ६ काड्या, लसणाच्या ६ पाकळ्या, इंचभर आलं, ताजं थाइम १ मोठा चमचा, ब्राउन शुगर १ मोठा चमचा, सोया सॉस, लिंबाचा रस आणि तेल प्रत्येकी २ मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा, मिरच्या झेपतील तितक्या. वाटण अगदी गंध करू नका, थोडं भरड राहू दे. तंगड्यांना हाडापर्यंत चिरा देऊन ते आत चोळा आणि ८ ते १२ तास फ्रिजमध्ये ठेवा.

कातडीसकट चिकन मागून घ्या. आपल्याकडे न सांगता सोललेलंच देतात, आणि सोललेल्या मांसावर साखर आधी जळते, आतलं नंतर शिजतं. सोललेलंच असेल तर पहिली २५ मिनिटं वरून फॉइल लावा. ओटीजी २०० अंशांवर, एकूण ४० ते ४५ मिनिटं, शेवटची ५ मिनिटं फक्त वरचा रॉड. हाडाजवळ ७४ अंश तापमान भरलं की झालं. जमैकात हे चिकन पिमेंटोच्याच लाकडावर भाजतात. फ्लॅटमध्ये त्याच्या जवळ जायचं तर भाजून झालेलं चिकन पातेल्यात ठेवा, मधोमध स्टीलच्या वाटीत लाल निखारा, त्यावर ठेचलेले ऑलस्पाइसचे ६-७ दाणे आणि चार थेंब तेल टाकून झाकण लावा. ही धुरी ४ मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवली तर पुन्हा कडवटपणा येतो.

स्कॉच बॉनेट मिरचीला पर्याय काय? भूत जोलोकिया चालेल का? थाइमही दर वेळी मिळत नाही.
एक वाचक, सीवूड्स

भूत जोलोकिया वास त्याच घराण्यातला देते, पण तिखटपणात ती स्कॉच बॉनेटच्या कितीतरी पुढे आहे. पातेल्यात अख्खी सोडायच्या कृतीत फुटली तर सगळं जेवण वाया. पिवळी किंवा लाल हाबानेरो मिळाली तर तीच घ्या. नाहीतर २-३ हिरव्या मिरच्या आणि पाव लाल सिमला मिरची एकत्र वाटा. तिखटपणा जमतो, फळासारखा गोडसर वास थोडा येतो.

थाइमचं उत्तर बहुधा तुमच्या खिडकीतल्या कुंडीत आहे. आपण ज्याची भजी करतो तो जाड, लवदार पानांचा पानओवा त्रिनिदादमध्ये रुंद पानांचं थाइम म्हणून सर्रास वापरतात. वास उग्र असतो, म्हणून किलोभर मांसाला ३-४ पानं बास.

हिरवं वाटण एकदमच करून ठेवा. कोथिंबिरीची एक जुडी, पातीच्या कांद्याच्या ८ काड्या, लसणाच्या १० पाकळ्या, पानओव्याची ५ पानं, सेलरीची एक काडी, २ मिरच्या, २ मोठे चमचे व्हिनेगर आणि थोडं तेल. त्रिनिदादमध्ये यात शॅडो बेनी नावाची लांब, दातेरी पानं असतात. त्यांचा वास कोथिंबिरीचाच, पण अधिक तीव्र. म्हणून कोथिंबीर देठांसकट घ्या. बाटलीत आठवडाभर टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर दोन-तीन महिने. पाणी घालून वाटलं तर चार दिवसांत आंबतं.

त्रिनिदादी पद्धतीचं स्ट्यू चिकन करताना साखर कधी कडू होते, कधी रस्सा नुसताच गोड आणि फिका राहतो.
एक वाचक, ऐरोली

या पदार्थाचं सगळं यश पहिल्या पाच मिनिटांत आहे, म्हणून नीट सांगतो.

१ किलो हाडासकट चिकनला ३ मोठे चमचे हिरवं वाटण, मीठ आणि लिंबू लावून दोन तास ठेवा. शिजवायच्या अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा आणि तुकडे वाटणातून निथळून वेगळे ठेवा. उरलेलं वाटण टाकू नका. जाड बुडाच्या कढईत २ मोठे चमचे तेल, त्यात ३ मोठे चमचे साखर. मध्यम आच. हलवत बसू नका, एका जागी जळतेय असं वाटलं तरच कढई फिरवा.

साखर आधी विरघळते आणि गुठळ्या धरते, मग मधाच्या रंगाची होते. बहुतेक जण इथेच घाबरून चिकन टाकतात, आणि रस्सा गोड आणि फिका होतो. थांबा. रंग लालसर तपकिरी होतो, मग कडेने फेस यायला लागतो. तो फेस मध्यापर्यंत चढून सगळा पृष्ठभाग बुडबुड्यांनी भरला आणि रंग गर्द तपकिरी झाला, की त्याच क्षणी चिकन आत. या टप्प्याला साखरेचा गोडवा जवळजवळ गेलेला असतो, उरतो तो रंग आणि भाजका वास. आणखी काही सेकंद गेले की फेस बसतो, धूर डोळ्यांना झोंबतो आणि साखर काळी पडते. ती वाचवता येत नाही. पाणी घालू नका, चिकन घालू नका. कढई थंड करून धुवा आणि पुन्हा सुरू करा. तीन चमचे साखर गेली तर गेली, किलोभर चिकन तरी वाचतं.

चिकन ओलं आणि गार असेल तर दोन गोष्टी होतात: तेल अंगावर उडतं, आणि साखर कडक होऊन तुकड्यांना चिकटते. चिकटली तर घाबरू नका, चिकनचं पाणी सुटलं की ती विरघळते. सगळ्या तुकड्यांना रंग लागेपर्यंत ३-४ मिनिटं परता, झाकण ठेवून स्वतःच्या पाण्यात १५ मिनिटं शिजू द्या, मग उरलेलं वाटण आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर आणखी २० ते २५ मिनिटं.

साखर कोणती, हेही विचारलं आहे. ब्राउन शुगर किंवा खांडसरी उत्तम, पांढरी साखर चालते. गूळ नको. त्यात ओलावा आणि मळी असते. तो लवकर फसफसतो आणि हवा तो रंग येण्याआधीच करपतो.

याच कढईत ३०० ग्रॅम तांदूळ, वाटीभर हिरवी तूर, नारळाचं दूध आणि पाणी घातलं की पेलाऊ होतो. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा बाजारात आल्या की करून बघा.

जमैकन 'राइस अँड पीज'मध्ये राजमा कडक राहतो आणि भाताचा गोळा होतो.
एक वाचक, वाशी

राजमा आणि तांदूळ एकत्र शिजवायला घेतले असणार. राजमा आधी पूर्ण शिजायला हवा. १२० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात लसणाच्या दोन पाकळ्यांसह कुकरला लावा: पहिली शिट्टी, मग मंद आचेवर १५ मिनिटं. वर्षभर डब्यात पडलेला राजमा कितीही शिजवा, कडकच राहतो. आणि स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीही घालू नका. त्यातलं विषारी प्रथिन खळखळत्या उकळीनेच मोडतं, कोमट शिजवल्याने नाही. पोट जोरात बिघडतं.

शिजवलेलं पाणी ओतू नका. भाताचा तपकिरी-गुलाबी रंग त्यातूनच येतो. ३०० ग्रॅम सेला बासमती अर्धा तास भिजवून निथळा. साधा बासमती नारळाच्या दुधात मऊ पडून मोडतो, तुमचा गोळा त्यामुळे झाला असेल. राजम्याचं पाणी ३५० मिली आणि जाड नारळाचं दूध २५० मिली एकत्र उकळा. त्यात राजमा, पातीच्या कांद्याच्या दोन काड्या ठेचून, थाइम, ऑलस्पाइसचे ५-६ दाणे, दीड लहान चमचा मीठ आणि एक अख्खी, न चिरलेली तिखट मिरची. मग तांदूळ. पाणी पृष्ठभागाला आलं की झाकण लावून आच अगदी मंद करा आणि पातेल्याखाली तवा सरकवा, कारण नारळाचं दूध बुडाला लवकर लागतं. १८ मिनिटं, नंतर झाकण न काढता १० मिनिटं. मध्ये ढवळू नका. ढवळलं की मिरची फुटते आणि भात चिकट होतो. वाढण्याआधी मिरची अलगद उचलून काढा.

जमैकात नाताळच्या सुमारास राजम्याच्या जागी तूर घालतात. तिकडे ती गुंगो पीज. ओली तूर उघड्या पातेल्यात १५-२० मिनिटांत शिजते, कुकर नको.

कॅलालू केलं, घशाला खाज सुटली. पुस्तकात चिंच-कोकम कुठेच दिलेलं नाही. आणि दुसऱ्या पुस्तकात कॅलालू म्हणजे अगदी वेगळीच भाजी आहे!
एक वाचक, खारघर

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. त्रिनिदादचं कॅलालू अळूचं. जमैकाचं कॅलालू म्हणजे आपला हिरवा माठ. माठाचं काम सोपं आहे: कांदा, लसूण, थाइम, टोमॅटोवर परतून झाकण ठेवून दहा मिनिटं.

अळूचं कॅलालू मात्र दहा मिनिटांत उरकत नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. आपण फदफद्यात चिंच घालून सोडवतो. त्रिनिदादमध्ये आंबट न घालता ते वेळेने सोडवतात. २५० ग्रॅम भाजीच्या अळूची कोवळी पानं घ्या, जाड शिरा काढा, देठ सोला. ८-१० भेंड्या, १५० ग्रॅम लाल भोपळा, कांदा, लसणाच्या ४ पाकळ्या, २ मोठे चमचे हिरवं वाटण, ४०० मिली नारळाचं दूध, तितकंच पाणी, एक अख्खी मिरची. मांसाहारी घरात दोन साफ केलेल्या चिंबोऱ्या. उकळी आल्यावर मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं, त्याहून कमी नाही. पानाचा रंग हिरवागार राहिला असेल तर ते अजून कच्चं आहे. ते काळपट शेवाळी व्हायला हवं. कोवळं म्हणून आणलेलं अळू कधी कधी जास्तच खाजरं निघतं, तेव्हा ताटात लिंबू पिळा, चव बिघडत नाही.

शेवटी मिरची आणि चिंबोऱ्या बाहेर काढून रवीने घुसळा. तिकडेही लाकडी रवीच वापरतात. मिक्सरला लावलं तर भेंडीचा बुळबुळीतपणा वाढून खळ होते.

डाळपुरी लाटताना फाटते, डाळ बाहेर येते. पुरणपोळी चांगली जमते, मग हीच का नाही?
एक वाचक, कोपरखैरणे

पुरणपोळीच्या सवयीमुळेच. पुरणाची डाळ आपण गाळ शिजवतो, तो मऊपणा इथे नडतो. डाळपुरीचं सारण कोरडं, मोकळं, रव्यासारखं हवं.

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढे १९१७ पर्यंत येत राहिलेल्या मजुरांत भोजपुरी मुलखातले सर्वांत जास्त होते. डाळ भरलेली पुरी त्यांच्याबरोबर गेली आणि तिकडे हरभऱ्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ आली. दोन्ही चालतात.

२५० ग्रॅम डाळ दोन तास भिजवून भरपूर पाण्यात, हळद घालून, उघड्या पातेल्यात १५ ते २० मिनिटं शिजवा. कुकर नको. दाणा नखाने तुटावा, पण बोटांत दाबल्यावर लगदा होऊ नये. चाळणीत निथळून कापडावर अर्धा तास पसरा, पूर्ण गार होऊ दे. मग मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थोडी थोडी, थांबून थांबून फिरवा आणि चाळून घ्या. वर राहिलेला एक अख्खा दाणासुद्धा पुरी फाडतो. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड दीड लहान चमचा, वाटलेला लसूण, बारीक मिरची, मीठ. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावल्यावर सुटावा.

५०० ग्रॅम मैद्याला दीड लहान चमचा बेकिंग पावडर, १ लहान चमचा मीठ, १ मोठा चमचा तेल आणि साधारण ३०० मिली पाणी. कणीक पोळीपेक्षा सैल. अर्धा तास झाकून ठेवा, ८ गोळे करा, प्रत्येकात ३ मोठे चमचे सारण. तोंड बंद करताना जमलेला जास्तीचा मैदा खुडून काढा, नाहीतर एका बाजूला जाड पापुद्रा राहतो आणि दुसरी बाजू फाटते. भरलेले गोळे पुन्हा २० मिनिटं ठेवा. ही दुसरी विश्रांती बरेच जण गाळतात, आणि फाटण्याचं दुसरं मोठं कारण तेच. लाटणं मधोमध दाबू नका, मधून कडेकडे न्या.

तवा चांगला तापलेला हवा. अर्ध्या मिनिटात पहिली उलटी, तेलाचा हात, पुन्हा उलटी; दीड-दोन मिनिटांत संपायला हवं. मंद तव्यावर रेंगाळली की पापड होते. लगेच कापडात गुंडाळा.

सोबतच्या चण्या-बटाट्याच्या करीला गोडा मसाला घालू नका. ४ मोठे चमचे धणे, १ मोठा चमचा जिरे, १ लहान चमचा मिरी, अर्धा अर्धा लहान चमचा मेथी आणि मोहरी भाजून कुटा, दीड मोठा चमचा हळद मिसळा. लाल तिखट नाही. यातले २ मोठे चमचे पाव वाटी पाण्यात कालवून कांदा-लसणाच्या फोडणीत घाला आणि दाणेदार होऊन तेल सुटेपर्यंत परता. कोरडी पूड थेट तेलात टाकली तर मेथी जळते आणि सगळा रस्सा कडू होतो.

'डबल्स'चे बारा पुरीसारखे कडक होतात.
एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

बारा म्हणजे डबल्सची मऊ, तळलेली मैद्याची चकती. तुम्ही पीठ घट्ट भिजवलंत. २५० ग्रॅम मैद्याला पाव लहान चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मीठ, १ लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर साखर आणि १९० ते २०० मिली पाणी लागतं. हाताला चिकटेल इतकं सैल. तास-दीड तास फुगू द्या. मे-जूनमध्ये ४० मिनिटांतच फुगतं, लक्ष ठेवा. लाटू नका. तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे तळहातावर थापा आणि चांगल्या तापलेल्या तेलात एका बाजूने १०-१५ सेकंद तळा. सोनेरी होण्याची वाट पाहिली की कडक झालाच. काढल्यावर एकावर एक रचून डबा झाका, आतल्या वाफेने ते मऊ होतात.

दोन बारांवर पातळसर काबुली चणे, काकडीची चटणी, चिंच, तिखट. चणे फार घट्ट असतील तर बारा कोरडा लागतो.

ॲकी हे फळ इथे मिळेल का? त्याऐवजी लिची चालेल?
एक वाचक, नेरूळ

लिची नको, चव आणि पोत दोन्ही वेगळे. ॲकीचं झाड कुठे दिसलं तरी फळ तोडून खाऊ नका. आपोआप न उकललेल्या फळात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, त्याने रक्तातली साखर जीवघेणी खाली जाते. 'ॲकी अँड सॉल्टफिश' या जमैकन पदार्थातली ॲकी सोडून द्या आणि नुसत्या खाऱ्या माशाचं बुलजोल, म्हणजे कोशिंबीर, करा.

कोळणींकडे खारवलेली सुरमई मिळते. दिवाळे गावच्या बाजारातही विचारा. २५० ग्रॅम तुकडे ८-१० तास भिजवा, पाणी दोनदा बदला, मग १५ मिनिटं उकळून चाखा. खारट असेल तर पुन्हा एकदा उकळा. काटे काढून मासा मोकळा करा. टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, लिंबू आणि वरून थोडं गरम तेल. मीठ अजिबात घालू नका.

आमचं घर शाकाहारी आहे. आमच्यासाठी काय?
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण. मांस नाही, मीठही बरेच जण टाळतात, सगळा भर नारळ, कंद आणि मसाल्यावर. कोनफळ, अळकुडी, रताळं, कच्चं केळं, लाल भोपळा यांचे मोठे तुकडे घ्या. कोनफळ आणि अळकुडी आधी, भोपळा शेवटच्या दहा मिनिटांत. सगळं एकदम घातलं तर भोपळ्याची पेज होते आणि अळकुडी कच्ची राहते. थाइम, ऑलस्पाइस, पातीचा कांदा, अख्खी मिरची, नारळाचं दूध. पिकलेली केळी तळायची तर वाशी-नेरूळच्या केरळी दुकानांतली नेंद्रम घ्या, साल निम्म्याहून काळी पडलेली. पिवळीधमक नेंद्रम तळली तर ती आतून कोरडी आणि पिठूळ लागते.

गावाहून नीरफणस येतो. काप सोडून आणखी काय करता येईल?
एक वाचक, बेलापूर

हाच तो ब्रेडफ्रूट. ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात नेली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून. आज तो तिकडच्या घराघरांत आहे.

अख्खा भाजा. साल पिवळसर हिरवी, त्यावर वाळलेल्या चिकाचे डाग, असा तयार फणस निवडा. कोवळा असेल तर भाजूनही चिकट राहतो, जास्त पिकला तर आत गोड लगदा. देठ कापून तिथे खोल भोक पाडा. वाफेला वाट मिळाली नाही तर तो फुटू शकतो. गॅसवर जाळीत ठेवून दर दहा मिनिटांनी फिरवत ४५ मिनिटं ते तासभर, साल पूर्ण काळी होईपर्यंत. भोकातून वाफ जोरात यायला लागली आणि सुरी मध्यापर्यंत सहज गेली की काढा. सोलून, मधला गाभा टाकून फोडी करा, लोणी आणि मीठ लावा. कापताना हाताला आणि सुरीला तेल लावायला विसरू नका, चीक निघता निघत नाही.

फोडी कच्च्या घेऊन ग्रेनेडाचं 'ऑइल डाउन'ही करता येईल: हळद, हिरवं वाटण, वर अळूची पानं आणि नारळाचं भरपूर दूध. दूध पूर्ण आटून बुडाशी फक्त खोबऱ्याचं तेल राहीपर्यंत शिजवायचं. रस्सा ठेवला तर ते ऑइल डाउन नाही.

जमैकाचं नाताळातलं लाल 'सॉरेल' कशाचं करतात? जास्वंदीचं चालेल?
एक वाचक, कामोठे

जास्वंद नको. सॉरेल म्हणजे लाल अंबाडीची मांसल बोंडं. हिवाळ्यात पालेभाजीवाल्यांना आधी सांगून ठेवलं तर ती आणून देतात. बोंडाच्या आतली हिरवी बी काढून टाका. २०० ग्रॅम ताज्या किंवा ६० ग्रॅम सुक्या पाकळ्यांना दीड लिटर पाणी, ५० ग्रॅम ठेचलेलं आलं, ५-६ लवंगा, संत्र्याच्या सालीचा एक तुकडा. पाच मिनिटं उकळून झाकून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून २०० ग्रॅम साखर विरघळवा. साखर आधी घालू नका. आंबटपणा किती उतरला ते गाळल्यावरच कळतं. स्टीलचं पातेलं वापरा, ॲल्युमिनियमला हा आंबट अर्क खातो आणि रंगही मळतो. तिकडे मोठ्यांच्या पेल्यात थोडी रम असते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, आल्याचा तिखटपणा दुसऱ्या दिवशी वाढतो, म्हणून मुलांसाठी करताना आलं निम्मं घ्या.